ओरांडा जातीचे सोनमासे : अहेरी भागांत त्यांची जोपासना व पैदास

अहेरी तालुक्यांतील शेतकऱ्यास मासा नवा नाहीं. प्राणहितेचा कांठ, गांवचा तलाव आणि धानाच्या बांध्यांस पाणी देणारी बोडी हीं ज्यांच्या नित्य पाहण्यांतील आहेत, त्यांस मासे कसे वाढतात हें आम्हीं शिकवावें अशी गरज नाहीं. परंतु आज ज्या माशाविषयीं लिहिण्याचें योजिलें आहे तो खाण्याचा नसून पाहण्याचा आहे. शहरांतील घरांतून, दुकानांतून व दवाखान्यांतून कांचेच्या पेटींत रंगीत मासे ठेवण्याची हौस वाढली आहे, व त्या हौसेस लागणारा माल पुरविणें हा कित्येक ठिकाणीं खेड्यांतील लोकांचा जोडधंदा झाला आहे. कोलकात्याच्या आसपासचीं खेडीं व चेन्नईचा कोळत्तूर भाग हीं याचीं ठळक उदाहरणें होत. तेव्हां आपल्या भागांत ज्या शेतकऱ्याजवळ बारमाही विहीर, घराजवळ थोडी उंचवट्याची जागा आणि सकाळ-संध्याकाळ तासभर देण्याइतकी सवड आहे, त्यास हा उद्योग साधेल काय, असा प्रश्न साहजिकच उत्पन्न होतो.

आमचें उत्तर असें कीं, साधेल. परंतु दोन गोष्टी आधीं मनांत पक्क्या धरल्या पाहिजेत. पहिली ही कीं, सोनमासा थंड पाण्याचा आहे व आपला उन्हाळा कडक आहे. दुसरी ही कीं, या उद्योगांत मासे वाढविण्यापेक्षां मासे निवडण्याचें काम मोठें आहे. आणि निवडींत बाजूस काढलेल्या माशांचें काय करावयाचें हें ज्यानें आधीं ठरविलें नाहीं, त्यानें या वाटेस जाऊं नये. असें कां, तें पुढें क्रमानें सांगतों.

सोनमाशाचें कूळ :— सोनमासा हा चीन देशांतील एका करड्या-हिरवट रंगाच्या साध्या माशाचा वंशज असून रोहू, कटला ज्या मोठ्या कुळांत मोडतात त्याच कुळांतला आहे. तेथील तळ्यांत मधून मधून तांबडे-पिवळे मासे निपजत. ते धरून निराळे ठेवण्याची व त्यांची वीण घेण्याची चाल सोंग राजवटींत (इ. स. ९६० ते १२७९) रूढ झाली. पुढें मिंग राजवटींत (१३६८ ते १६४४) हे मासे तळ्यांतून घरच्या भांड्यांत आले. नदीच्या प्रवाहांत ज्यांचा निभाव लागला नसता, असे आंखूड अंगाचे व दुहेरी शेपटीचे मासे भांड्यांत माणसाच्या राखणीखालीं टिकले व त्यांच्या निरनिराळ्या जाती झाल्या. चीनमधून ते जपानांत व सतराव्या शतकांत युरोपांत पोंचले.

ओरांडा ही त्यांतीलच एक जात होय. जपानी भाषेंत ‘ओरांडा’ म्हणजे हॉलंड देश. जपाननें परकीयांस आपलीं दारें बंद केलीं होतीं त्या काळांत नागासाकी बंदरांत डच व्यापाऱ्यांस मात्र मुभा होती. त्यामुळें बाहेरून आलेल्या नवलाईच्या वस्तूस ‘ओरांडा’ म्हणण्याची रीत तेथें पडली. मासा मूळचा चीनचा, आणि नांव मात्र हॉलंडचें, असा हा प्रकार आहे.

या माशाचा शेतीशीं संबंध कसा जडला, हें पाहण्यास जपानांतील यामातो-कोरियामा या गांवाचें उदाहरण घेण्याजोगें आहे. नारा प्रांतांतील या गांवीं १७२४ सालीं यानागिसावा घराण्यांतील सरदाराची काइ प्रांतांतून बदली झाली, व त्याच्या परिवाराबरोबर सोनमासे तेथें आले, अशी तेथील परंपरा आहे. १८६८ नंतर जुनी सरदारी मोडली व सामुराई लोकांचें उत्पन्न बुडालें. तेव्हां त्यांनीं व आसपासच्या शेतकऱ्यांनीं हौसेचा हा उद्योग पोटासाठीं हातीं घेतला. तो तेथें रुजला याचें मोठें कारण भातशेतीस पाणी देण्यासाठीं बांधलेलीं लहान लहान तळीं होत. त्या पाण्यांत सुईच्या टोंकाएवढ्या जलपिसवा विपुल होत, व पिल्लांस त्यांसारखें दुसरें खाद्य नाहीं. भातशेती, लहान तळीं आणि जोडधंद्याची निकड हीं तिन्ही आपल्याहि भागांत आहेत. भेद आहे तो हवेचा.

ओरांड्याची ओळख :— चांगल्या ओरांड्याचें अंग आंखूड, खोल व अंड्यासारखें गोल असतें. पाठीवर उभा पर असतो. रांचू व लायनहेड या जातींत तो नसतो, म्हणून ओळखण्यास ही खूण सोपी आहे. शेपटी दुहेरी असून पाण्यांत ओढणीसारखी लोंबते. डोक्यावर तुतीच्या फळासारखी दाणेदार, मऊ वाढ असते. तिला आपण टोप म्हणूं. हा टोप जन्मतः नसतो; कांहीं महिन्यांनीं दिसूं लागतो व भरण्यास दोन वर्षें लागतात. अंग पांढरें शुभ्र व टोप तेवढा तांबडा अशा माशास बाजारांत विशेष मागणी असते. नीट राखल्यास हा मासा वीतभर वाढतो व दहा वर्षें सहज जगतो. मात्र अंग आंखूड केल्यामुळें त्याचीं आंतडीं व पोहण्याचा फुगा हीं दाटीनें बसलेलीं असतात. म्हणून तो मंद पोहतो, अधाशीपणानें खाल्लें तर उलटा तरंगूं लागतो, व शत्रूपासून पळूं शकत नाहीं. त्याचें जगणें सर्वस्वीं धन्याच्या हातीं आहे.

जागा व हौद :— हौद गांवच्या तलावापासून, नाल्यापासून व पुराच्या रेषेपासून दूर आणि उंचावर असावा. प्राणहितेस पूर आला म्हणजे पाणी कोठवर चढतें हें कांठच्या गांवांस सांगावयास नको. जुलै २०२२ मध्यें सिरोंचा भागांत काय झालें तें सर्वांच्या स्मरणांत आहे. हौद अर्धा जमिनींत पुरलेला असला तर पाणी थंड राहतें. परंतु त्याचा कांठ जमिनीपासून निदान दीड फूट उंच ठेवावा, म्हणजे अंगणांतील पावसाचें पाणी आंत शिरणार नाहीं व आंतील मासा बाहेर वाहून जाणार नाहीं. दहा फूट लांब, सहा फूट रुंद व अडीच फूट खोल अशा हौदांत दोन फूट पाणी भरलें तर तें सुमारें ३,४०० लिटर होतें. मोठ्या माशास शंभर लिटर पाणी या हिशेबानें त्यांत तीसांहून अधिक मासे ठेवूं नयेत. असे निदान तीन हौद लागतात : एक जनकांचा, एक पिल्लांचा व एक वाढत्या माशांचा. शिवाय नव्या माशांस निराळें ठेवण्यासाठीं एक मोठें टब सर्वांपासून दूर असावें.

नव्या सिमेंटाचा चुना पाण्यांत उतरतो व मासे मरतात. म्हणून हौद भरून आठ दिवस ठेवावा व पाणी सोडून द्यावें. असें तीन-चार वेळां करून मगच मासे सोडावे. हौदावर जाळी अवश्य हवी. खंड्या, ढोकरी व दिवड यांस मंद पोहणारा तांबडा मासा म्हणजे वाढून ठेवलेलें ताटच होय.

उन्हाळ्याची तरतूद :— ओरांड्यास १८ ते २४ अंश सेंटिग्रेड उष्णतेचें पाणी मानवतें. तीस अंशांपर्यंत तो सोसतो; बत्तिसाच्या पुढें त्याचे हाल होतात. आपल्याकडे मे महिन्यांत हवेचा पारा पंचेचाळिसावर जातो. यांत माशास खरी बाधा होते ती नुसत्या उष्णतेनें नव्हे, तर प्राणवायूच्या तुटीनें. वीस अंशांच्या पाण्यांत लिटरामागें सुमारें ९ मिलिग्रॅम प्राणवायु विरघळूं शकतो. पस्तीस अंशांस तोच ७ मिलिग्रॅमपर्यंत उतरतो, आणि त्याच वेळीं माशाची भूक व श्वास हीं दुपटीनें वाढलेलीं असतात. म्हणजे एका बाजूनें पुरवठा घटतो व दुसऱ्या बाजूनें खर्च वाढतो.

यावर उपाय असे. हौदावर बांबूच्या तट्ट्यांचा व गवताचा मांडव घालावा. दुपारचें ऊन मुळींच पडूं देऊं नये. फाल्गुनापासून पाण्याची खोली वाढवावी व माशांची संख्या कमी करावी. भिंतींवर ओलीं पोतीं टाकावीं. हवा सोडणारा लहान पंप रात्रंदिवस चालवावा, व वीज जाते हें गृहीत धरून त्यास बॅटरीची जोड ठेवावी. दुपारीं खाद्य देऊं नये. पाणी हिरवें झालें असल्यास विशेष जपावें. बेताचें हिरवें पाणी माशास हितकर असतें व जपानी लोक तें मुद्दाम राखतात. परंतु त्यांतील सूक्ष्म वनस्पति दिवसा प्राणवायु सोडतात तशा रात्रीं तोच ओढून घेतात. म्हणून पहाटे मासे वर येऊन तोंडें वासूं लागले, तर तें संकटाचें चिन्ह समजून ताबडतोब निम्में पाणी बदलावें.

पाणी :— विहिरीच्या पाण्यांत नळाच्या पाण्याप्रमाणें क्लोरिन नसतो हा आपला मोठा लाभ होय. पण तें ताजें उपसलेलें पाणी प्राणवायूनें गरीब असतें; म्हणून उंचावरून धार सोडून भरावें व एक दिवस उघडें ठेवून मग वापरावें. माशाच्या श्वासावाटे व विष्ठेंतून अमोनिया निघतो, आणि तो थोडाहि सांचला तरी विष होतो. पाण्यांतील उपयुक्त जंतु त्याचें प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट करतात. यांपैकीं शेवटचें बरेंच निरुपद्रवी आहे. हे जंतु वाळूवर, खड्यांवर व हौदाच्या भिंतींवर वस्ती करतात, व त्यांस नव्या हौदांत जमावयास चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून पहिला महिना दोन-चारच मासे ठेवावे. एरवीं आठवड्यास पाव हिस्सा पाणी बदलावें. काढलेलें पाणी वांयां जात नाहीं. त्यांतील नायट्रेट म्हणजे खतच होय, व वांगीं-मिरच्यांच्या वाफ्यास तें उत्तम लागू पडतें. तें वाफ्यांतच जिरवावें, नाल्यास सोडूं नये.

शेतकऱ्याने एक पथ्य विशेष पाळावें. पिकांवर फवारण्याचीं कित्येक औषधें, विशेषतः पायरेथ्रॉइड वर्गांतील, माशास अत्यंत घातक आहेत. फवारणीचा पंप हौदाजवळ धुऊं नये, आणि फवारणी करून आलेल्या माणसानें हात-पाय व कपडे धुतल्याविना हौदांत हात घालूं नये.

खाद्य :— दिवसांतून दोन वेळां, पांच मिनिटांत संपेल इतकेंच खाद्य द्यावें. तांदळाचा बारीक कोंडा, शेंगदाण्याची ढेप व सुकटीची पूड शिजवून, गाळून, वाळवून दिल्यास चालते. पण कोरडें खाद्य आधीं भिजवावें, नाहीं तर तें पोटांत फुगून मासा तरंगतो. वाढत्या पिल्लांस जिवंत खाद्याशिवाय भागत नाहीं. त्यासाठीं निराळ्या टाकींत वाळलेलें शेण व भिजवलेली ढेप यांचा थोडा अंश घालून पाणी हिरवें करावें व त्यांत तळ्यांतून कापडानें गाळून आणलेल्या जलपिसवा सोडाव्या. आठ-दहा दिवसांत त्या दाट होतात. ही टाकी बारीक जाळीच्या कापडानें झांकलेली असलीच पाहिजे. गडचिरोली जिल्ह्यांत हिंवतापाचा उपद्रव जुना आहे. उघड्या शेणपाण्यांत डांस होऊं दिले, तर माशांच्या नफ्याहून घरच्या आजाराचा खर्च अधिक व्हावयाचा. मोठ्या माशांच्या हौदांत ही भीति नाहीं, कारण डांसांच्या अळ्या तेच खाऊन टाकतात.

वीण :— जनक मासे कार्तिकांत, हवा गार झाल्यावर आणावे. ते एक वर्ष पुरें झालेले असावे. आणल्यावर तीन आठवडे निराळ्या टबांत ठेवून मगच हौदांत सोडावे. हिंवाळ्यांत नर व मादी निरनिराळीं ठेवावीं. विणीच्या दिवसांत नराच्या कल्ल्यांवरील झांकणावर व छातीच्या परांच्या पुढच्या कांट्यावर मोहरीहून बारीक पांढरे पुरळ येतात. बोट फिरवल्यास ते खरखरीत लागतात. मादीचें पोट एका बाजूस अधिक फुगलेलें व मऊ लागतें.

आपल्या भागांत विणीचा उत्तम काळ पौषाच्या अखेरीपासून फाल्गुनाच्या आरंभापर्यंत होय. त्या वेळीं पाण्याची उष्णता अठरापासून चढूं लागते, व तें चढणें हीच माशास विणीची सूचना असते. याहून उशीर केला तर पिल्लें नाजूक असतांनाच वैशाखाचा ताप त्यांवर येतो. माघांत निघालेलीं पिल्लें मात्र तोंवर तीन महिन्यांचीं व बऱ्यापैकीं कणखर झालेलीं असतात.

एका मादीस दोन नर या प्रमाणानें संध्याकाळीं एका स्वच्छ, फूटभर पाण्याच्या हौदांत सोडावे. अंडीं चिकट असतात, म्हणून त्यांस आधार हवा. काथ्याचा दोर उकलून, उकळून, त्याचे झुपके पाण्यांत लोंबत सोडावे. याच कामास जलपर्णीचीं मुळें पुष्कळ ठिकाणीं वापरतात. परंतु ती वनस्पति एकदां बोडींत शिरली कीं निघत नाहीं, म्हणून आम्ही ती सुचवीत नाहीं. पहाटे नर मादीचा पाठलाग करतात व ऊन वर येईपर्यंत अंडीं घालणें संपतें. एका वेळीं शेंकडों, मोठ्या मादीस हजारों अंडीं होतात. काम आटोपतांच तिन्ही मासे काढून घ्यावे. आपलींच अंडीं खाण्यास ते मागेंपुढें पाहत नाहींत.

पिल्लांची निगा :— बावीस अंशांच्या सुमारास चार-पांच दिवसांत अंडीं फुटतात. दुधासारखीं पांढरीं झालेलीं अंडीं मेलेलीं असतात. त्यांवर बुरशी धरते, म्हणून तीं काढून टाकावीं. निघालेलें पिल्लूं पहिले दोन-तीन दिवस भिंतीस चिकटून असतें व पोटाच्या पिशवींतील रसावर जगतें. तोंवर त्यास कांहीं देऊं नये. पोहूं लागल्यावर आधीं हिरव्या पाण्यांतील सूक्ष्म जीव, किंवा उकडलेल्या अंड्याचा बलक तलम कापडांतून पाण्यांत पिळून, अगदीं थोडा थोडा द्यावा. आठवड्यानें लहान जलपिसवा द्याव्या. त्या गाळून घेतांना चतुराच्या अळ्या त्यांत येणार नाहींत हें पाहावें; एक अळी दिवसभरांत पुष्कळ पिल्लें फस्त करते. आरंभीं सर्व पिल्लें मळकट काळीं दिसतात. दोन-तीन महिन्यांनीं रंग पालटूं लागतो. तोंवर रंगाविषयीं घाईनें मत करूं नये.

निवड :— येथें या उद्योगाचें मर्म आहे. धानाचें शुद्ध बियाणें पेरलें तर शेतांत बहुतेक तसेंच पीक उभें राहतें. ओरांड्याचें तसें नाहीं. उत्तम जोडीच्या पोटींहि पूर्वजांचीं रूपें पुन्हां पुन्हां उठतात. दुहेरी शेपटीचें मूळ ‘कॉर्डिन’ नांवाच्या एका बीजगुणांतील बदलांत आहे, असें तैवानांतील संशोधकांनीं २०१४ सालीं दाखविलें. हा गुण दबून राहणारा असल्यामुळें तो नर व मादी दोघांकडून आला तरच पिल्लांत प्रकट होतो. म्हणून ओरांड्याची साध्या एकेरी शेपटीच्या माशाशीं गांठ पडूं दिली, तर पुढची पिढी एकेरी शेपटीची निघते व सारें घराणें बिघडतें. टोप, पाठीची गोलाई व रंग हे तर अनेक गुणांच्या मेळानें ठरतात, आणि तो मेळ प्रत्येक पिल्लांत निराळा बसतो.

यास्तव निवड तीन वेळां करावी. पहिली दोन-तीन आठवड्यांनीं : पिल्लें पांढऱ्या परातींत घेऊन वरून पाहावीं, व एकेरी किंवा पिळलेल्या शेपटीचीं आणि वांकड्या कण्याचीं बाजूस काढावीं. दुसरी पांच-सहा आठवड्यांनीं : पाठीवरचा पर मोडका किंवा नाहींसा असलेलीं, व शेपटीच्या दोन बाजू सारख्या नसलेलीं काढावीं. तिसरी तीन-चार महिन्यांनीं : रुंद कपाळाचीं, भरल्या अंगाचीं व रंग चढूं लागलेलीं तेवढीं ठेवावीं. रुंद कपाळ ही पुढें चांगला टोप येण्याची खूण आहे. शेवटीं हातीं उरतात तीं आरंभींच्या मानानें मूठभरच असतात. निवड न केली तर हौदांत दाटी होते, चपळ एकेरी शेपटीचीं पिल्लें मंद ओरांड्यांचें खाद्य बळकावतात, व सगळाच माल हलका निघतो.

बाजूस काढलेल्या माशांचें काय करावें :— निवडीचें काम येथें पुरें होत नाहीं. बाजूस काढलेलीं शेंकडों पिल्लें टोपलींत असतात. मारण्यास हात धजत नाहीं, ठेवण्यास जागा नाहीं. अशा वेळीं मनांत येतें कीं, गांवचा तलाव जवळ आहे, त्यांत सोडून द्यावीं, जीवहि वांचेल. ही दया खरी नव्हे, व आम्ही आमच्या वाचकांस आग्रहानें सांगतों कीं, हें कदापि करूं नये.

याचें कारण असें. टोपाचा, लोंबत्या शेपटीचा उत्तम ओरांडा तलावांत पडला तर आठ दिवसहि टिकणार नाहीं. परंतु आपण बाजूस काढतों तीं पिल्लें नेमकीं मूळच्या रानटी पूर्वजाच्या वळणावर गेलेलीं असतात : एकेरी शेपटी, लांबट अंग, चपळ पोहणें. आपल्या हौदाच्या दृष्टीनें जें नापास, तेंच तलावाच्या दृष्टीनें सर्वांत सुदृढ. ऑस्ट्रेलियांत व उत्तर अमेरिकेंत लोकांनीं हौस संपल्यावर सोडून दिलेले सोनमासे नद्या-तलावांतून माजले आहेत. ते तळचा चिखल उकरून पाणी गढूळ करतात, पाणवनस्पति उपटतात व दुसऱ्या माशांचीं अंडीं खातात. आपल्या तलावांत पूर्वींच सोडलेला सायप्रिनस मासा याचा जवळचा आप्त असून दोघांचा संकरहि होतो. शिवाय बोडी पावसाळ्यांत सांडते, सांडवा नाल्यास मिळतो, नाला प्राणहितेस व प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीस मिळते. एका टोपलीचा परिणाम एका गांवांत राहत नाहीं.

आपल्या गांवचे तलाव पुष्कळ ठिकाणीं मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्यानें असतात. मरळ, मागूर, शिंगी यांवर व सोडलेल्या रोहू-कटल्यावर धीवर व भोई कुटुंबांची उपजीविका चालते. आपल्या जोडधंद्याची घाण त्यांच्या पोटावर टाकण्याचा आपणांस अधिकार नाहीं. तलाव बोडीपासून बांधापर्यंत सर्वांचा आहे.

तेव्हां मार्ग तीन आहेत. पहिला, अंडींच कमी ठेवावीं. एका हौदास पुरतील इतके झुपके राखून बाकीचे उन्हांत वाळवावे. दुसरा, पहिल्या निवडींतील बारीक पिल्लें मोठ्या माशांस किंवा कोंबड्यांस खाद्य म्हणून घालावीं. लहानपणीं केलेली निवड ही उशिरां केलेल्या निवडीहून दयेची असते. तिसरा, अव्यंग पण एकेरी शेपटीचीं पिल्लें निराळ्या हौदांत वाढवून साधे सोनमासे म्हणून स्वस्त दरानें विकावीं. त्यांसहि गिऱ्हाईक मिळतें. यांपैकीं एकाचीहि सोय नसेल, तर पैदास करूं नये. तयार पिल्लें आणून वाढविण्यापुरताच उद्योग ठेवावा.

रोग :— नव्या माशाबरोबर रोग येतो, म्हणून तीन आठवड्यांचें वेगळेपण हेंच पहिलें औषध होय. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आल्यास लिटरास ३ ग्रॅम या मानानें जाडें मीठ विरघळवून आठ-दहा दिवस ठेवावें. माशाची ऊ म्हणजे आर्गुलस ही चपटी, काचेसारखी व नुसत्या डोळ्यांनीं दिसणारी असते. ती चिमट्यानें काढावी. तिचीं अंडीं भिंतीस चिकटतात, म्हणून हौद रिकामा करून कडक उन्हांत पुरता वाळवावा. येथें मात्र आपला उन्हाळा उपयोगी पडतो. नागीण-रोगाच्या विषाणूंच्या कुळांतील एक विषाणू सोनमाशांस होतो. तो १९९२ सालीं जपानांत प्रथम ओळखला गेला व माशांच्या व्यापाराबरोबर भारतांतहि आला. त्यावर औषध नाहीं. एकाच वेळीं पुष्कळ मासे फिकट कल्ल्यांचे होऊन मरूं लागले, तर खरेदी-विक्री थांबवून मत्स्यव्यवसाय खात्यास कळवावें, व मेलेले मासे चुना टाकून पुरावे.

विक्री व हिशेब :— अहेरीहून नागपूर अडीचशे किलोमीटरांहून लांब आहे. माशांस एक दिवस उपाशी ठेवून, पिशवींत एक भाग पाणी व दोन भाग ऑक्सिजन भरून, रात्रीच्या गारव्यांत पाठविलें तर ते सुखरूप पोंचतात. फाल्गुन ते ज्येष्ठ पाठवणी टाळावी. आधीं आलापल्ली, गडचिरोली, चंद्रपूर येथील दुकानदारांस भेटून कोणत्या आकाराचा माल किती व कोणत्या भावानें घेतील हें विचारावें, आणि मगच हौदाची वीट लावावी. हिशेबांत मेलेले व बाजूस काढलेले मासे, वीज, घरच्या माणसांची मजुरी व हौदाची झीज धरावी. हीं सोडून केलेला नफा हा कागदावरचा नफा होय.

२०२० सालीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेंत परसांतील शोभेच्या माशांच्या लहान केंद्रास ३ लाख रुपये खर्च धरून त्यावर सर्वसाधारण वर्गास ४० टक्के व अनुसूचित जाति, जमाति व स्त्रिया यांस ६० टक्के साहाय्य ठेविलें होतें. अशा योजनांचे नियम व मुदती बदलत असतात. म्हणून जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कचेरींत स्वतः चौकशी करावी. शिक्षणासाठीं नागपूरचें मत्स्यविज्ञान महाविद्यालय आपणांस जवळचें आहे. साहाय्य मिळतें म्हणून हौद बांधूं नये. हौद चालेल अशी खात्री झाल्यावर साहाय्य मागावें.

तात्पर्य :— पहिल्या वर्षीं एकच हौद बांधावा, कार्तिकांत सहा-आठ मासे आणावे व ते पुढच्या मृगापर्यंत जगवून दाखवावे. ज्याचे मासे एक उन्हाळा निभावले त्यानें दुसऱ्या माघांत वीण घ्यावी. आपल्या वाडवडिलांनीं तलाव बांधले ते पिढ्यान् पिढ्या पाणी पुरावें म्हणून. त्या तलावांस धक्का न लावतां, विहिरीच्या चार घागरी पाण्यावर घरीं दोन पैसे आले, तर हा उद्योग शेतकऱ्यास शोभेल. हौदांतील मासा हौदांतच राहिला पाहिजे, एवढें एक व्रत मात्र पहिल्या दिवसापासून पाळावें.